नदीकाठची साल

अदीना पेणकर ग्लासगोतल्या एका वनस्पती-संग्रहालयात लाकडं ओळखायचं काम करायची. बंदरावर अडवून ठेवलेल्या फळ्या, खुर्च्यांचे पाय, गिटारच्या पट्ट्या, असलं काहीबाही कस्टमवाले तिच्याकडे पाठवत, आणि हे कुठल्या झाडाचं, ते झाड कुठल्या जंगलात वाढतं, एवढं ती लिहून देई. चोवीस वर्षं ती हेच करत आली होती. आफ्रिकेतली झाडं हा तिचा खास विषय. तिने एकदा लिहून दिलं की पुन्हा कुणी विचारत नसे.

त्या शनिवारी तिला सुट्टी होती. सकाळी अकराला वीस कमी असताना ती घरात खिडकीच्या काचा पुसत होती, तेवढ्यात लंडनमधल्या पिनरहून श्यामलाकाकूंचा फोन आला.

श्यामलाकाकू म्हणजे शशीकाकांची बायको. शशीकाका आणि अदीनाचे वडील योएल यांची तीस वर्षांची दोस्ती. लंडनच्या त्या टोकाला दोघांची घरं पंधरा मिनिटांच्या अंतरावर, आणि अदीनाची आई गेल्यापासून तर योएल आठवड्यातले तीन दिवस त्यांच्याकडेच जेवायला असत. त्यामुळे फोन आला यात नवल नव्हतं. पण काकू नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. त्यांनी आधी विचारलं की, काकांनी आणलेली ती साल तू नीट बघितली होतीस ना?

मग हळूहळू सगळं कळलं. रात्रीपासून काकांना उलट्या होत होत्या. पहाटे ते बाथरूमच्या दारात कोसळले. अॅम्ब्युलन्सवाल्यांना नाडी मिनिटाला तीसच्या आसपास लागली, तीही अडखळत. आता ते हॉस्पिटलमध्ये होते आणि शुद्धीवर नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी चुकून जास्त घेतल्या असाव्यात असं डॉक्टरांना वाटत होतं, पण काकूंनी गोळ्या मोजल्या तर बरोबर भरल्या. मग तिथल्या डॉक्टर मुलीने विचारलं, आणखी काही घेतात का? जडीबुटी, काढा वगैरे? तेव्हा काकूंना सालीची आठवण झाली. ती पिशवी न्यायला त्या घरी आल्या होत्या. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या परीक्षितने त्यांना गाडीतून आणलं होतं.

“तू बघून दिलीस म्हणून मी काही बोलले नाही गं,” काकू म्हणाल्या. “नाहीतर मी त्यांना पिऊच दिली नसती.”

अदीना खुर्चीवर बसली. तिच्या हातात ओला फडका तसाच होता.

शशीकाकांनी ऐंशीच्या दशकात टांझानियात रस्ते बांधले होते. उसांबाराच्या डोंगरातला एक घाटरस्ता त्यांनी काढलेला. ते दिवस त्यांच्या बोलण्यातून कधी गेलेच नाहीत. या वर्षी मार्चमध्ये, चाळीस वर्षांनी, ते हट्टाने एकटे तिकडे जाऊन आले आणि येताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमधून सालीचे तुकडे घेऊन आले. त्या डोंगरात आफ्रिकन चेरीचं झाड होतं. म्हाताऱ्या पुरुषांना रात्री चार-चारदा उठावं लागतं, त्यावर त्याच्या सालीचा उपयोग करतात. काकांना तो त्रास होता, योएलना होता, क्रॉयडनला राहणाऱ्या त्यांच्या मित्राला, अजयनाही होता.

मे महिन्यात योएलच्या एकोणऐंशीव्या वाढदिवसाला अदीना लंडनला गेली होती. घर माणसांनी भरलेलं. तिच्या एका हातात चिकाच्या हलव्याची बशी होती आणि दुसऱ्या हातात काकांनी सालीचा एक तुकडा ठेवला. तिने तो नाकाशी धरला, बोटाने उलटासुलटा केला. काळपट, भेगाळलेली बाहेरची बाजू, आणि कडू बदामाचा तो ओळखीचा वास. ती म्हणाली होती, हो काका, हीच ती. आफ्रिकन चेरी. काकांनी लगेच सगळ्या खोलीला ऐकवलं की आमच्या अदीनाने शिक्का मारला.

त्यानंतर ती आणखी काही बोलली होती का? डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, असं? तिला आठवेना. आपण असं म्हटलंच असणार, असं तिला वाटलं. पण तो वाढदिवस, ती बशी, तो वास, सगळं स्वच्छ आठवत होतं आणि ते वाक्य मात्र आठवत नव्हतं.

तिने काकूंना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. परीक्षितने फोन हातात घेतला. तो नागपूरचा, तिशीतला, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारा. अदीनाने त्याला एकदाच ओझरतं पाहिलं होतं. तो नमस्कार करून म्हणाला, सांगा ताई, काय करायचं ते. त्याने फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर धरला. काकूंनी पिशवीत हात घालून एक तुकडा काढला आणि कॅमेऱ्यापुढे धरला.

अदीनाने तो बघितला. बाहेरून जवळजवळ काळा, चौकोनी भेगा पडलेला. तिने काकूंना तो मोडायला सांगितला, मग वास घ्यायला सांगितला.

“खिरीत बदामाचं इसेन्स घालतो ना, तसा येतोय,” काकू म्हणाल्या. “पण कडवट.”

अदीनाने सुस्कारा सोडला. तीच साल होती. तिची ओळख चुकली नव्हती. काकांना झालं ते दुसऱ्या कशाने तरी झालं असेल, वय आहे, हृदय आहे. तिने तसं सांगायला तोंडही उघडलं. काकू पिशवीची गाठ मारू लागल्या होत्या.

आणि मग ती थांबली. नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या वरच्या बाईंनी तिला एक गोष्ट घोकून घ्यायला लावली होती: एक फळी बघून अख्ख्या कंटेनरबद्दल लिहायचं नाही. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ती स्वतःही हेच सांगत आली होती. आणि मे महिन्यात तिने नेमकं तेच केलं होतं. आत्ताही तेच करत होती.

“काकू, गाठ मारू नका,” ती म्हणाली. “पिशवी ओट्यावर रिकामी करा. सगळी.”

काकूंनी वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी उलटी केली. परीक्षितने फोन वर धरला. पन्नासेक तुकडे होते. अदीनाने स्क्रीन जवळ घेतली. काही तुकडे काळपट होते. पण मधूनमधून काही वेगळे दिसत होते. आतून तांबूस, जाड, अंगाने खडबडीत. तिने परीक्षितला त्यातला एक उचलून मोडायला सांगितलं. तो मोडेना. त्याने खाली ड्रॉवरमधून छोटी हातोडी काढली आणि दोन घाव घातले. तुकडा विटेसारखा फुटला. तिने त्याला फुटलेली बाजू खिडकीच्या उजेडात, अगदी कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली.

तांबूस सालीत फिकट पिवळे ठिपके होते. दाणेदार. शेंगदाण्याच्या चिक्कीत कूट दिसावं तसे.

“वास?” तिने विचारलं.

परीक्षितने वास घ्यायला तुकडा वर केला आणि त्याला शिंक आली. मग दुसरी, तिसरी. तो फोन काकूंच्या हातात देऊन सिंककडे वळला आणि शिंकतच राहिला. मग काकूही शिंकू लागल्या. स्क्रीनवर छत दिसत होतं, ओट्याची कड दिसत होती, आणि दोघांच्या शिंका थांबत नव्हत्या.

या शिंका अदीनाने ओळखल्या. आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीची पूड नाकात गेली की माणूस असा शिंकत सुटतो. एरिथ्रोफ्लियम. जुन्या काळी कुणावर आळ आला की या सालीचं पाणी त्याला प्यायला लावत. तो ओकला तर निर्दोष, मेला तर दोषी. त्या सालीतलं विष थेट हृदयावर जातं.

तिने ओरडून त्यांना खिडकी उघडायला सांगितली, नाकातोंडाला ओला टॉवेल बांधायला सांगितला, आणि कुणीही त्या तुकड्याला जीभ लावायची नाही हे दोनदा सांगितलं. ते सावरल्यावर तिने काकांचा फोन मागितला. तो काकूंच्या पर्समध्ये होता आणि त्याचा पिन त्यांना माहीत होता. मार्चचे सगळे फोटो मला पाठव, ती परीक्षितला म्हणाली, कुठे काढलेत त्याच्या माहितीसकट.

साल हातात नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता. म्हणून तिला ते झाड कुठे उभं होतं हे बघायचं होतं. आफ्रिकन चेरी उंच डोंगरातलं झाड आहे, थंड, धुक्याच्या जंगलातलं. दुसरं खालचं. उष्ण, सखल रानातलं, नद्यांच्या काठाने वाढणारं.

फोटो येऊ लागले. पहिल्या दिवसाचे फोटो डोंगरावरचे होते. काका स्वेटर घालून उभे, मागे धुकं, शेवाळलेली खोडं, आणि एका काळ्या खोडाला टेकलेला एक म्हातारा, काकांचा जुना मुकादम असावा. जागेची उंची अठराशे मीटर. झाड तेच, हवं ते. मग दुसऱ्या दिवसाचे फोटो आले. काका अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, घामेजलेले, हातात कोयता. मागे तपकिरी पाण्याची नदी. उंची तीनशे दहा मीटर. खोडही काळपट होतं, भेगाळलेलंही होतं, वरवर बघणाऱ्याला सारखंच वाटावं असं. पण काकांच्या पायाशी पाचोळ्यात चपट्या, रुंद शेंगा पडल्या होत्या.

चेरीला शेंगा येत नाहीत.

अकरा वाजून सहा मिनिटांनी अदीनाने हॉस्पिटलला फोन लावला. काकूंकडच्या चिठ्ठीवर वॉर्डचा नंबर होता. फोन तीन माणसांतून फिरत त्या डॉक्टर मुलीपर्यंत पोचला. अदीनाने आपण कोण ते सांगितलं, झाडाचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं, आणि हे विष डिजिटॅलिससारखं हृदयावर काम करतं हेही सांगितलं. पलीकडून पेन चालल्याचा आवाज आला. मग त्या मुलीने विचारलं, तुम्हाला किती खात्री आहे?

नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला की ती म्हणायची, अहवाल चार दिवसांत मिळेल.

“सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी कोर्टात शपथ घेणार नाही,” ती म्हणाली. “पण माझे वडील तिथे असते, तर तुम्ही आत्ताच तेच धरून चाला असं मी म्हटलं असतं.”

डॉक्टर म्हणाली, विषांची माहिती देणाऱ्या केंद्राला मी लगेच फोन करते. सालीचे दोन्ही प्रकार पाठवा. आणि ठेवता ठेवता विचारलं, ही आणखी कुणी घेतली आहे का?

माझे वडील, असं आपण आत्ताच बोलून गेलो, हे अदीनाच्या तेव्हा लक्षात आलं.

काकांनी साल दोघांना वाटली होती. अजयना आणि योएलना. काकूंनी अजयचा नंबर दिला, तिने फोन लावला. अजय पहिल्याच रिंगला बोलले. ते दोन आठवडे काढा घेत होते आणि त्यांना काहीच झालं नव्हतं, फरकही पडला नव्हता. त्यांची पुडी बहुधा नुसती डोंगरावरची होती. तरी अदीनाने त्यांना ती बांधून बाजूला ठेवायला आणि आजच्या आज डॉक्टरकडे जायला सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

योएलना फोन लावायचा प्रश्नच नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते मोबाइल बंद करून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवत, तो शनिवारी रात्रीपर्यंत तिथेच. घरातल्या फोनची वायर काढून ठेवत. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी ते चूल पेटवत नसत, दिवा लावत नसत. ठाण्याला असताना त्यांचे वडील पाळत तसंच ते पाळत, आणि बायको गेल्यावर तर जरा जास्तच.

अदीनाने आठवून आठवून त्यांचा शनिवार डोळ्यांपुढे मांडला. सकाळी ते चालत प्रार्थनेला जातात. साडेबाराच्या सुमारास परत येतात. आदल्या दिवशी करून ठेवलेलं गार जेवण जेवतात. मग काढा, मग झोप. शनिवारी काढा उकळता येत नाही, म्हणून ते तो शुक्रवारीच करून सालीसकट थर्मासमध्ये भरून ठेवतात. हे त्यांनीच तिला मागच्या आठवड्यात कौतुकाने सांगितलं होतं. इतर दिवशी साल दहा मिनिटं पाण्यात असे. आजची अठरा-वीस तास गरम पाण्यात मुरत होती.

साडेअकरा झाले होते. प्रार्थनेच्या जागी कुणीच फोन उचलणार नव्हतं. ग्लासगोहून निघालं तरी संध्याकाळच्या आत पोचता येणार नव्हतं. काकूंना आता हॉस्पिटलला जायलाच हवं होतं, साल घेऊन. राहिला परीक्षित. तो म्हणाला, काकूंना सोडतो आणि तसाच तुमच्या पप्पांकडे जातो.

मग वाट बघणं आलं. अदीनाने काचा पुसायला घेतल्या, सोडून दिल्या. संध्याकाळच्या लंडनच्या गाडीचं तिकीट काढलं. नदीकाठचा तो फोटो ती पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिली. शेंगा आहेत ना? की दुसऱ्याच कुठल्या झाडाच्या तिथे वाहून आल्या आहेत? फोटोच्या कोपऱ्यात वर थोडी पानं आली होती, बारीक पानांची जोडी, जोडीची जोडी. नाही, तेच होतं. तिला पहिल्यांदाच आपली ओळख चुकावी असं वाटत होतं.

हॉस्पिटलजवळ गर्दी होती. परीक्षित योएलच्या घरी पोचला तेव्हा एकला सोळा मिनिटं कमी होती. त्याने फोन केला आणि चालू ठेवला. अदीनाला घंटी ऐकू आली. एकदा, दोनदा. मग दार ठोठावल्याचा आवाज.

“कुणी नाही ताई. आले नसतील अजून.”

“जोरात वाजव. कानाचं मशीन ते शनिवारी लावत नाहीत.”

तो वाजवत राहिला. काहीच नाही. त्याने पत्रपेटीच्या फटीतून हाक मारली. आत कुणी हललं नाही. कदाचित प्रार्थनेनंतर कुणी त्यांना जेवायला थांबवून घेतलं असेल. कदाचित ते आत स्वयंपाकघरात बसले असतील, घराच्या पार मागच्या बाजूला, आणि त्यांना घंटी ऐकूच येत नसेल. पोलिसांना बोलवावं का? ते येईपर्यंत जेवण उरकलेलं असेल.

तेव्हा तिला बाजूचं फाटक आठवलं. घराच्या अंगाने बोळ होता, त्याच्या तोंडाशी उंच लाकडी फाटक, आतून कडी. पलीकडे मागची बाग आणि स्वयंपाकघराचं दार. ते दार दिवसा उघडंच असे.

तिने परीक्षितला फाटकावरून चढायला सांगितलं. समोरच्या घराच्या खिडकीत एक बाई उभी राहून त्याच्याकडेच बघत होती. भर दुपारी, दुसऱ्याच्या घराचं फाटक, आणि तो व्हिसावर राहणारा माणूस. त्याने एवढंच विचारलं, त्यांनी पोलिसांना फोन केला तर तुम्ही बोलाल ना? अदीना म्हणाली, बोलेन. मग फोन खिशात गेल्याची खसखस, लाकडाचा करकराट, धपकन आवाज आणि परीक्षितचा कळवळलेला हुंकार. त्याचा घोटा मुरगळला होता, पण ते त्याने नंतर सांगितलं.

पावलं. दार सरकल्याचा आवाज. आणि मग योएलचा आवाज, दचकलेला, इंग्रजीत, कोण आहे म्हणून.

परीक्षित मराठीत बोलला. तो शशीकाकांकडे राहतो, काका हॉस्पिटलमध्ये आहेत, ती साल विषारी निघाली आहे, तो पेला खाली ठेवा. त्याला हे तीनदा, दर वेळी जास्त मोठ्याने सांगावं लागलं. योएल म्हणाले, साल विषारी कशी असेल? माझ्या मुलीने बघितली आहे ती. तिचं कामच आहे ते.

“तीच फोनवर आहे,” परीक्षित म्हणाला.

गेल्या कित्येक वर्षांत शब्बाथला योएलनी फोनला हात लावला नव्हता. बायको शेवटची आजारी होती तेव्हासुद्धा शेजाऱ्यांनी लावून दिला होता. अदीना वाट बघत राहिली. मग कानाशी अगदी जवळ श्वास ऐकू आला.

“अदी?”

“पप्पा, किती प्यायलात?”

“दोन घोट. तिसरा घेतला आणि थुंकला. जीभ बधिर झाली. म्हटलं, थर्मासचं बूच खराब झालं असेल.”

“आता परीक्षितच्या गाडीत बसा आणि हॉस्पिटलला जा. पप्पा, मला माहीत आहे आज...”

“जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला राहतो,” ते तिला तोडत म्हणाले. “हे मला पाठ आहे. तू शिकवू नकोस.” मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, “शशी कसा आहे?”

तिला माहीत नव्हतं. तिने तसंच सांगितलं.

गाडीत योएलना उलटी झाली. परीक्षितने त्यांना काकांच्याच हॉस्पिटलला नेलं. रात्रभर त्यांच्या छातीला तारा लावलेल्या होत्या. त्यांची नाडी एकदा बेचाळीसपर्यंत उतरली आणि पहाटेपर्यंत पूर्ववत झाली. रविवारी दुपारी त्यांना घरी सोडलं. काकांचं सोपं नव्हतं. पहिले दोन दिवस हृदयाचे ठोके यंत्राने चालवावे लागले. डॉक्टरांकडे या विषावर उतारा नव्हता, फक्त ते शरीराबाहेर पडेपर्यंत माणसाला धरून ठेवणं त्यांच्या हातात होतं. पण आपण कशाशी लढतोय हे त्यांना दुपारपासून माहीत होतं, आणि त्याने फरक पडला, असं ती डॉक्टर मुलगी अदीनाला म्हणाली. चौथ्या दिवशी काकांनी डोळे उघडून काकूंना ओळखलं.

त्या चार दिवसांत अदीना पिनरलाच होती. हॉस्पिटलने तपासणीपुरते तुकडे ठेवून घेऊन उरलेली पिशवी परत दिली, तेव्हा तिने हातमोजे आणि मास्क घालून योएलच्या बागेतल्या टेबलावर सगळे तुकडे वेगळे केले. अडतीस डोंगरावरचे निघाले, अकरा नदीकाठचे. दोन्ही ढीग तिने वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करून त्यांवर नाव, जागा, उंची आणि तारीख लिहिली. आपण ही साल मे महिन्यात एका तुकड्यावरून ओळखली होती, हेही तिने कागदावर लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं, तरी लिहिलं.

योएल दारात उभे राहून बघत होते. तिने त्यांना विचारलंच. मी तुम्हाला म्हटलं होतं का पप्पा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका?

“म्हणाली होतीस,” योएल लगेच म्हणाले. “आम्हीच ऐकलं नाही.”

ते इतक्या लगेच बोलले की तिला ते खरं मानता आलं नाही. आणि खोटं मानायचीही हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी ती काकांना भेटायला गेली. त्यांच्या गालांची हाडं वर आली होती आणि आवाज अगदी बारीक झाला होता. तिने माफी मागायचं मनाशी ठरवलं होतं, पण काकांनी हात वर करून तिला थांबवलं आणि खुर्ची दाखवली. मग त्यांनी तिला नदीकाठच्या झाडाबद्दल विचारलं. ते कोणतं? तिने सांगितलं. पानं कशी असतात, शेंगा कशा असतात, कुठल्या रानात असतं, आणि आपण डोंगरावरून खाली उतरलो की झाडंही बदलतात, खोडं कितीही सारखी दिसली तरी.

काका छताकडे बघत ऐकत होते. काकू पलंगाच्या दुसऱ्या बाजूला संत्रं सोलत होत्या.

“मुकादमाने डोंगरावर मोजकीच साल काढू दिली,” काका म्हणाले. “म्हणाला, जास्त काढली तर झाड मरतं. मला तुम्हा सगळ्यांसाठी हवी होती. दुसऱ्या दिवशी नदीवर थांबलो तर तेच झाड दिसलं. मला वाटलं, तेच. मी त्या भागात सात वर्षं काढली आहेत, मला कोण शिकवणार? मी बकारीला म्हटलं, गाडीतून कोयता आण.”

बकारी म्हणजे त्यांनी त्या आठवड्यासाठी ठरवलेला ड्रायव्हर. तिथल्याच खालच्या गावातला.

“त्याने कोयता दिला. पण झाडाला हात लावेना. साल गाडीत ठेवायलाही तयार नव्हता, मीच मागच्या सीटवर टाकली. तो सारखा एक शब्द बोलत होता. म्वावी, म्वावी. मला वाटलं नदीचं नाव सांगतोय.” ते अदीनाकडे वळले. “तो काय म्हणत होता?”

तिला तो शब्द ठाऊक होता. संग्रहालयातल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या जुन्या कागदांवर तिरक्या अक्षरात तो लिहिलेला असे, स्थानिक नाव या रकान्यात.

“झाडाचं नाव, काका,” ती म्हणाली. “त्या झाडाला तिकडे म्वावी म्हणतात.”

काकूंचा हात संत्र्यावर थांबला. शेजारच्या पलंगाचा पडदा कुणीतरी ओढला. काकांनी डोळे मिटले, आणि त्यांना झोप लागली असं वाटून अदीना उठायला लागली, तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच काकूंकडे हात पसरला.

“माझा फोन दे,” ते म्हणाले. “बकारीचा नंबर आहे त्यात.”

डॉक्टरांनी त्यांना बोलायला मनाई केली होती. काकूंनी अदीनाकडे बघितलं, मग पर्समधून फोन काढून नंबर लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे दोन-तीनदा वाजलं. मग एक मोठा, मोकळा आवाज आला, मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. काका चाळीस वर्षांपूर्वी शिकलेली तिकडची भाषा शब्द शोधत शोधत, थांबत थांबत बोलू लागले. अदीनाला त्यातलं काही कळलं नाही. पण बराच वेळ बोलून ते गप्प झाले, आणि मग पलीकडचा माणूस बोलत राहिला आणि काका नुसते ऐकत राहिले, मधूनमधून मान हलवत, त्याला ती दिसत नसतानाही.